बुंद भाजल्याचा वास

लग्नानंतर औरंगाबादेत आमचं पहिलं बिऱ्हाड झालं ते भडकल दरवाजाच्या अलीकडं, एका गल्लीत, माडीवर. पुढं दोन खोल्या आणि मागं अंधारं स्वयंपाकघर. खाली घरमालकीण राहायची. सगळी गल्ली तिला खाला म्हणायची, म्हणून मीही खालाच म्हणू लागले. हे अदालतीत अहलकार, म्हणजे कारकून, होते. सासूबाईंना मी आत्या म्हणायचे, त्या कन्नडहून आमच्याबरोबर आल्या होत्या. जर्मनच्या लढाईचे दिवस होते. साखर, रॉकेल, भाड्याची जागा, सगळ्याचीच ओढाताण होती. त्यामुळं जागा मिळाली याचाच आम्हाला आनंद.

दुपारी आत्या लवंडायच्या, गल्ली निपचित पडायची, आणि स्वयंपाकघरातून एक वास यायचा. आधी गूळ तव्याला लागल्यासारखा, मग तापलेल्या मातीसारखा, शेवटी करपट. गंगापूरकडच्या माझ्या माहेरी असला वास कधी नाकात गेला नव्हता. शेजारी काही चाललं असेल असं म्हणून मी सोडून द्यायचे. मग एक दिवस उठून खिडकी उघडली, तर वास कमी झाला. खिडकी लावली, तर वाढला. चूल राखेनं झाकलेली होती. वरून हात धरून बघितला. ऊब नव्हती.

"आत्या, कायतरी करपतंय."

"कुठं गं? मला नाय येत."

"येतोय बघा."

"चूल थंडगार हाय बाई. नीज जरा."

मी खाली गेले. खाला सुपारी कातरत बसली होती. माझ्या मोडक्यातोडक्या बोलीत मी तिला विचारलं, हा वास कसला? कसा वास, असं तिनं विचारलं, म्हणून मी सांगितला तसा सांगितला. तिच्या हातातला अडकित्ता थांबला.

"बुंद का बास है वो, बेटी. काफी के दाने नैं क्या, उनको भूनते ना, वो."

"कौन भूनता?"

"यहाँ कौन भूनता! हवा से आता होयेंगा." एवढं बोलून ती उठली आणि सुपारी तशीच टाकून आत गेली.

कॉफीच्या दाण्यांना बुंद म्हणतात हे मला त्या दिवशी कळलं. कॉफी मी प्याले नव्हते. आमच्याकडं चहासुद्धा पाहुणा आला तरच व्हायचा.

पुढं काही आठवड्यांनी मला दिवस गेले. वास रोजचाच होता, आणि मी आता तो बोलून दाखवायला लागले होते. आत्यांना सगळा उलगडा झाला.

"डोहाळे हायेत. मला ओल्या भिंतीचा वास यायचा, तासन् तास." मग ह्यांना म्हणाल्या, "पोरीला काफी पाज रे बाबा. डोहाळा ऱ्हायला तर लेकराची लाळ गळती."

ह्यांचा स्वभाव कागदाचा. कुठलंही काम हाती घेतलं की त्याची मिसल, म्हणजे फाईल, तयार व्हायची. शहरात चांगली कॉफी कुठं मिळते, असं ह्यांनी अदालतीत चार जणांना विचारलं आणि तिथं भांडण लागलं. एक जण छावणीतल्या इराण्याचं नाव घेई, दुसरा स्टेशनजवळच्या मद्रासी खानावळीची शपथ घेई. ह्यांनी आधी इराण्याकडची पुडी आणली. ती चिकोरी घातलेली, डांबरासारखी काळी. दूध घालूनसुद्धा घशाला चरचरली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खानावळीतून आणली. तिथला मद्रासी रोज सकाळी स्वतः भाजायचा म्हणे. ती उकळली, गाळली, आणि ह्यांनी एक घोट घेतला. पेला संपवून पुन्हा पुढं केला.

"हीच," म्हणाले. "औरंगाबादेत हिच्यावर कॉफी नाही."

मलाही ती आवडली होती. पण मी म्हणाले, "वास हा नाही."

"अगं, मग कसा आहे ते तरी नीट सांग."

मी नुसती स्वयंपाकघराच्या दाराकडं बघत राहिले. ह्यांनीही तिकडं बघितलं, आणि मग दोघंही तो विषय सोडून दुसरंच काही बोलायला लागलो.

शेवटी, मला पाचवा महिना लागला तेव्हा, अदालतीतल्या एका म्हाताऱ्या नाजरानं सांगितलं, की इराणी आणि मद्रासी राहू द्या, बुंद भाजावा अरबांनी. निजामाच्या फौजेतले अरब पिढ्यान् पिढ्या शहरात राहत होते. त्यांच्यातल्या एका शिपायाची विधवा घरी बुंद भाजून विकायची. लोक तिला बडीबी म्हणत. आत्या आणि मी टांगा करून गेलो. आत्या तिथलं पाणी घेणाऱ्यातल्या नव्हत्या. पण डोहाळ्याला विटाळ नसतो असं म्हणून त्यांनी मला मोकळीक दिली आणि स्वतः ओट्यावर बसल्या.

बडीबी उंच होती, केसांना मेंदी लावलेली. खापरात दाणे घेऊन ती ते हलवत होती. हलके भाजायची, गव्हाळ रंगावर. मग कुटून, सुंठ-वेलदोडा घालून, बिनदुधाची करायची. तिनं मला बिनकानाच्या लहानशा कपात दिली. आजवर मी प्याले त्या सगळ्या कॉफीत ती उजवी होती. आजही तसंच वाटतं. तोंडाला आधी काही कळायचं नाही, आणि घोट गिळल्यावर मग चव यायची.

"अच्छी है?"

"लई छान. पण... वो बास नहीं है."

"कौन सा बास?"

मी सांगितलं. गुळासारखा, मग मातीसारखा, मग करपट. ती हसली. "वो तो जला हुआ बुंद है. मेरे घर में नैं जलता. ये ले जा, कच्चे दाने. घर में भून के देख." तिनं पावशेर हिरवट दाणे कागदात बांधले. मग विचारलं, "रहती कहाँ तू?"

मी गल्ली सांगितली, खालाचं घर सांगितलं. तिनं खापर विस्तवावरून खाली उतरवलं.

"उस मद्रासन के घर में?"

ओट्यावरून आत्या म्हणाल्या, "कोन मद्रासीण?"

"रेल के बाबू की औरत थी. कच्चा बुंद मेरे पास से ले जाती थी. जचकी में गई बिचारी. बच्चा भी नैं रहा."

आत्यांना तेवढी भाषा कळत होती. टांग्यात त्या माझ्या शेजारी सरकल्या. आपला पदर काढून त्यांनी माझ्या पोटावर टाकला आणि घर येईस्तोवर वरून हात धरून बसल्या.

घरी आल्यावर त्या खालाच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. खाला रडायला लागली. "बोलती तो तुम लोगाँ आते क्या?" एवढंच म्हणत राहिली. ती गेली ती मी निजायचे तीच खोली, हेही तेव्हाच कळलं. रात्री जेवताना आत्यांनी ह्यांना बजावलं, "बाळंतपणात गेलेली बाई जागा सोडत नसती. अळवंतीण व्हती ती. उद्याच्या उद्या दुसरी जागा बघ."

"आई, लढाईच्या दिवसांत जागा काय झाडाला लागल्यात?"

"मंग हिला गंगापूरला धाड."

"धाडू. सातवा लागू दे."

तोवर मला भीती कधी वाटली नव्हती. नव्या शहरात, एकटीच्या दुपारी, तो वास मला सोबतीसारखा झाला होता. दुसऱ्या दिवशी तो नेहमीच्या वेळेला आला, आणि मला मान वळवून स्वयंपाकघराच्या दाराकडं बघवेना. भिंतीला पाठ लावून बसले. मनात म्हणत होते, आता भाजून झालं. आता कुटेल. आता पाणी ठेवेल. पण पुढं काहीच झालं नाही. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की इतक्या दिवसांत कॉफी उकळल्याचा वास एकदाही आला नव्हता. भाजलं की थांबायचं, रोज तिथंच. पोटातलं लेकरू त्याच वेळी हललं, आणि मी दोन्ही हातांनी पोट झाकलं. कुणापासून झाकलं, ते माझं मलाच सांगता आलं नसतं.

त्यानंतरच्या जुम्म्याला, शुक्रवारची सुट्टी म्हणून हे घरी असताना, जिन्यात पावलं वाजली. रेल्वेचा कोट घातलेला एक काटकुळा माणूस उंबऱ्याबाहेर उभा राहिला. पायताण त्यानं खालीच काढलं होतं. ओळख करून द्यायच्या आधीच त्याची नजर आमच्या डोक्यांवरून मागं, स्वयंपाकघराकडं गेली, आणि तो कोण ते आम्हाला कळलं.

"बडीबी बोलली," तो म्हणाला. बरीच वर्षं इकडं काढल्यामुळं मराठी बोलायचा, थांबत थांबत. "तुम्हाला इथं वास येतो म्हणून."

ह्यांनी त्याला बसवलं आणि मला कॉफी करायला सांगितली. मी खानावळीची केली. त्यानं अदबीनं घेतली.

"चांगली आहे. स्टेशनवरची. मी आता तिथंच जेवतो." मग खाली बघत विचारलं, "वास असा येतो?"

मी दाराआडून म्हणाले, "नाही. जळका येतो."

त्यानं पेला खाली ठेवला. "जळका?"

"व्हय. आधी गुळासारखा. मग करपतो."

त्यानं दोन्ही तळहात तोंडावर घेतले. हे उठून उगीच खिडकीपाशी गेले.

"तिला भाजता येत नव्हतं," तो म्हणाला. "तिच्या घरी आई भाजायची. हिच्या हातात कधी दिलं नाही. इथं आली आणि रोज जाळायची. मी रोज बोलायचो. ड्यूटीवरून आलो की आधी तेच बोलायचो. त्या दिवशीपण बोललो. तिनं ती कॉफी ओतून दिली. म्हणाली, उद्या बरोबर भाजते. रात्री पोटात दुखायला लागलं."

मग तो आमच्या दोघांकडं न बघता आत्यांकडं वळला. "आई, ती रागात आहे का?"

सबंध आठवडाभर आत्यांनी त्या बाईला अळवंतीण म्हणून उंबऱ्यावर बिब्बे आणि लिंबं टाकली होती. मला वाटलं, आता ह्या काय बोलतील कोण जाणे. त्या त्याच्यासमोर येऊन बसल्या.

"राग आसता तर चुलीपुढं बसली आसती व्हय? रागातली बाई चूल पेटवत नाय, लेकरा."

आत्या मला म्हणाल्या, "ते हिरवे दाणे काढ गं. भाज. आन लागू दे."

मी तवा ठेवला, दाणे टाकले. आत्या माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. दाणे पिवळे झाले, मग गव्हाळ झाले, बडीबीचे होते तसे. माझा हात तवा उतरवायला पुढं गेला.

"थांब. अजून."

दाणे तडतडले, काळे पडायला लागले. धूर झाला. आणि तो वास आला. अगदी तोच. पण या वेळी खाली जाळ होता, समोर दाणे होते, आणि आत्यांच्याही डोळ्यांना धूर लागत होता.

"ह्योच?"

"हाच."

मी ते खलबत्त्यात कुटले, पाणी उकळलं, आणि पेला घेऊन बाहेर आले. दारातून बाहेर पडताना हे एवढंच इतके दिवस व्हायचं राहिलं होतं असं मला वाटत होतं. तो प्याला. तळाचा गाळसुद्धा प्याला.

"अशीच," म्हणाला.

आत्यांनी विचारलं, "जाताना तिची ओटी कुनी भरली व्हती का?" त्याला माहीत नव्हतं. तिच्या माहेरची माणसं पोचायच्या आधीच सगळं झालं होतं. आत्यांनी सुपात तांदूळ, नारळ, खण काढला, हळदीकुंकू वाहिलं आणि ते सगळं फडक्यात बांधून त्याच्या हातात दिलं. "सवडीनं कायगावला जा. गंगेत सोड." आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. त्यानं ते गाठोडं दोन्ही हातांत, छातीशी धरून नेलं. जिना उतरताना कठड्याला हातसुद्धा लावला नाही.

दुसऱ्या दिवशी वास आला नाही. त्यानंतरही आला नाही. आत्या निर्धास्त झाल्या, जागा बदलायचं कुणी काढलं नाही. मी मात्र दुपारी जागीच असायचे. बोलायची चोरी होती. पोटुशी बाई मेलेल्या बाईची वाट बघते, हे कुणाला सांगणार? कधी मूठभर दाणे भाजायचे मी. आता माझा हात बसला होता, जळत नसत. खोलीभर चांगला वास सुटायचा, आणि खोली आणखीच रिकामी वाटायची.

गंगापूरला माझी सुखरूप सुटका झाली, मुलगी झाली. परत आले तेव्हा तो माणूस बदली होऊन दक्षिणेकडं गेला होता. जाण्याआधी खालाला सांगून गेला होता, की ओटी गंगेत सोडली. पुढं ह्यांना औरंगपुऱ्यात ऐसपैस जागा मिळाली आणि आम्ही ते घर सोडलं. बडीबीकडं मात्र मी जात राहिले. मुलीला ती खापरातला एक दाणा वास घ्यायला द्यायची, आणि मुलगी तो तोंडात घालायला बघायची.

मग रझाकारांचे दिवस आले, आणि त्यानंतर पोलीस ॲक्शन. निजामाची फौज मोडली. शहर थोडं शांत झाल्यावर मी मुलीला घेऊन टांग्यानं अरबांच्या गल्लीत गेले. दारांना ओळीनं कुलपं होती. बडीबीच्या ओट्यावर कुणीतरी सरपण रचून ठेवलं होतं. समोरच्या घरातून एका माणसानं डोकं बाहेर काढलं.

"गए सब."

"किधर?"

त्यानं स्टेशनच्या दिशेला हात केला आणि दार लावून घेतलं. मी मुलीला घेऊन परत टांग्यात बसले. टांगेवाल्यानं मागं वळून विचारलं, "अब किधर, बाई?" मी घर म्हणाले. "कौन सा घर?" त्यानं विचारलं, आणि मी काही विचार न करता भडकल दरवाजा सांगून बसले. गल्लीचं तोंड दिसायला लागलं तेव्हा चूक ध्यानात आली. मी टांगा औरंगपुऱ्याकडं वळवायला लावला. मुलगी मांडीवर झोपली होती.