मोठ्या बाईंनी गप्प केलेली एरर

मोठ्या बाई उभ्यानं प्रोग्रॅम लिहायच्या. टेबलावर लाकडी पाट, पाटावर कीबोर्ड आणि समोर साडीचा पदर खोचलेल्या बाई. "बसलं की डोकंही बसतं," असं त्यांचं म्हणणं. उंची जेमतेम पाच फूट, पण आवाज आणि दरारा मुख्याध्यापिकेचा. त्या पूर्वी खरोखरच शाळेत गणित शिकवायच्या. नव्वदच्या दशकात कॉम्प्युटर शिकल्या, शाळा सोडली आणि सातपूरला एका वर्कशॉपच्या माडीवर थाटलेल्या आमच्या छोट्या कंपनीत आल्या. पुढे काही वर्षांनी मी तिथं लागलो, तेव्हा डेटाबेसचं सगळं त्यांच्याच हातात होतं.

त्यांना एरर सहन व्हायची नाही. पडद्यावर लाल अक्षरं दिसली की त्या पाहुणा जेवायला खोळंबल्यासारख्या अस्वस्थ व्हायच्या आणि ती गेली की एकदाच टाळी वाजवायच्या. "बघ, पळाली!" आम्हाला त्या टाळीचा अभिमान होता. त्यांनाही होता.

त्या वर्षी नाशिकच्या एका पॅथॉलॉजी लॅबनं घोटीचं एक छोटं केंद्र चालवायला घेतलं. दोघांचे रुग्णांच्या नोंदींचे डेटाबेस वेगळे. ते जोडायचं काम आमच्याकडे आलं. प्रत्येक डेटाबेसचा अक्षरं जुळवण्याचा एक नियम असतो, त्याला कोलेशन म्हणतात. इंग्रजीतला मोठा ए आणि छोटा ए एकच मानायचे की वेगळे, हे तो नियम ठरवतो. नाशिकच्या नियमात ते एकच होते, घोटीच्या नियमात वेगळे. दोन्हीकडचे रक्ताच्या नळ्यांचे नंबर जुळवायला सांगितल्याबरोबर मशीन अडून बसलं. कोणाचा नियम पाळू, एवढंच ते विचारत होतं. बाईंनी ओळीच्या शेवटी दोन शब्द जोडले. नाशिकचा पाळ. एरर गेली. टाळी वाजली.

घोटीला मात्र सकाळच्या नळ्यांवर मोठा ए घालायचे आणि दुपारच्या नळ्यांवर छोटा. नंबर तेच. आमच्या जोडणीत सकाळचा माणूस आणि दुपारचा माणूस एक झाले. बरेच रिपोर्ट इकडचे तिकडे गेले. बहुतेक साखरेचे, हिमोग्लोबिनचे. एक तसा नव्हता. घोटीपलीकडच्या एका पाड्यावरच्या गरोदर मुलीच्या रिपोर्टवर एचआयव्ही असल्याचं छापून गेलं. सासरच्यांनी तिचं ताट गोठ्यात ठेवलं आणि आठवड्याच्या आत तिला माहेरी पाठवलं. तिथल्या डॉक्टरांना शंका आली म्हणून त्यांनी रक्त दुसरीकडे तपासलं. ते स्वच्छ निघालं.

डॉक्टरांचा फोन आला तेव्हा बाईंनी लॅबकडून त्या मुलीच्या आणि तिच्याशी एक झालेल्या दुसऱ्या माणसाच्या नळीचे नंबर मागून घेतले, कागदावर एकाखाली एक लिहिले आणि मोठ्या-छोट्या ए वर बोट ठेवलं. मग मला म्हणाल्या, "अरे, ती एरर नव्हती. मशीन मला प्रश्न विचारत होतं. मी त्याचं तोंड दाबलं."

आमचे साहेब घाबरले होते. "छपाईतली चूक म्हणू आणि नवा रिपोर्ट कुरिअरनं पाठवू. बाई, तुम्ही कशाला जाता? उद्या कोर्टकचेरी झाली तर?"

"मग तिच्या सासूला कुरिअरवाला समजावणार का?" एवढं बोलून बाईंनी पर्स उचलली.

मी सोबत गेलो. घोटीपर्यंत एसटी आणि पुढे जीप. भाताची लावणी संपलेली, बायका घरीच होत्या. सासूनं ओटीवर घोंगडी टाकली. बाई बसल्या नाहीत.

"तुमची सून निरोगी आहे. चूक माझी झाली. दोन माणसांचं रक्त मी एक धरलं."

"मंजी मशीन चुकलं?" सासूनं विचारलं.

"नाही. मी सांगितलं तसंच मशीननं केलं."

"आमी तिला लय बोललो वो," म्हातारी म्हणाली आणि तिनं पदरानं तोंड झाकून घेतलं.

मुलगी शेजारच्याच गावात आईकडे होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. रडली नाही. "तुमी आल्या, बरं झालं. पन गावाला कोन सांगंल? हापशावर बाया मला पानी भरू देत नाय."

बाई तशाच थेट हापशावर गेल्या. हंडे लावलेल्या बायकांपुढे त्यांनी आपलं नाव, कंपनीचं नाव आणि आपली चूक सांगितली. एरवीचा तो मुख्याध्यापिकेचा आवाज कुठेच नव्हता. मागे उभ्या असलेल्यांना ऐकू गेलं नाही, तेव्हा त्यांना सगळं पुन्हा सांगावं लागलं. एक बाई फिस्कन हसली. मी खाली मान घालून मातीकडे बघत राहिलो. परत निघताना बाईंनी त्या मुलीपुढे हात जोडले. तिनं आपला हंडा उचलला आणि ती हापशाकडे गेली.

दुसरी नळी ज्याची होती, त्याला खरोखर एचआयव्ही होता आणि हातात मात्र स्वच्छ असल्याचा रिपोर्ट होता. डॉक्टरांसोबत त्याच्याकडेही बाई गेल्या, पण मला नेलं नाही. "ते त्याचं खासगी आहे. तू नकोस."

पुढे त्यांनी नंबर जुळवण्याचं सगळं काम नव्यानं केलं. प्रत्येक जुना रिपोर्ट स्वतः तपासला. आता एरर गेली तरी टाळी वाजत नसे. साहेब म्हणायचे, "बाई, दोन शब्दांपायी किती दिवस मनाला लावून घ्याल?" बाई पुढचा रिपोर्ट उघडायच्या. दिवाळीनंतर त्यांनी नोकरी सोडली. निरोप समारंभ नको म्हणाल्या.

शेवटच्या दिवशी मी त्यांना बसथांब्यापर्यंत सोडायला गेलो. बस लांब दिसली तेव्हा न राहवून विचारलं, "बाई, तो दुसऱ्या नळीचा माणूस काय म्हणाला हो तुम्हाला? खूप बोलला का?"

"बोलला असता तर बरं झालं असतं," बाई म्हणाल्या. "त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, एवढ्या लांबून आलात. आणि उठून माझ्यासाठी चहा ठेवला."