न बघता बोलणाऱ्या बाई

आमच्या गल्लीतल्या टायपिंगबाईंनी अर्ध्या गावाला टाइप करायला शिकवलं. कॉम्प्युटर परवडत नव्हते तेव्हा त्यांच्या क्लासात छोटे कीबोर्ड ओळीने मांडलेले असत. सेलवर चालणारे, काखेत मारून नेता येणारे, वर चार ओळींचा राखाडी पडदा. ना खेळ, ना चित्रं. लिहा आणि वाचा, एवढंच. सगळी बोटं एकदम चालू लागली की कोणी धान्य पाखडतंय असं वाटे. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

बाईंचा नियम एकच, बोटांकडे बघायचं नाही. कोणी मान खाली घातली की त्या फूटपट्टीने हनुवटी वर करत.

पुढे क्लास बंद पडला. मग घशाच्या ऑपरेशनात बाईंचा आवाजही गेला. हाताला कंप, पेन धरवेना. त्यांनी माळ्यावरून एक कीबोर्ड उतरवला आणि त्याच्यावर बोलू लागल्या. त्या आपल्या डोळ्यांत बघत टाइप करायच्या, पडदा आपण वाचायचा. सून म्हणायची, आवाज गेला तरी टोमणे काना-मात्रेसकट येतात.

मुलाने मोबाइल आणून दिला. त्या गुळगुळीत काचेवर अक्षर शोधून मान वर करीपर्यंत समोरचा माणूस दुसऱ्याशी बोलायला लागलेला असे. बाईंनी तो परत केला.

यंदा कीबोर्डचा पडदा फिका पडत गेला. बाई झोपल्यावर मुलाने तो दुरुस्तीवाल्याला दाखवला, त्याने हात टेकले. असा पडदा आता कुठेच मिळत नाही म्हणाला. आज आईला सांगायचं, असं मुलगा रोज ठरवायचा. त्याची जीभ रेटत नव्हती.

परवा मी त्यांच्या घरी होतो. बाई मुलाकडे बघत टाइप करत होत्या. पडदा पार कोरा. बोटं थांबली, भुवया वर गेल्या. काहीतरी विचारलं होतं. मुलाने माझ्याकडे पाहिलं.

"हो, आई," तो म्हणाला.

बाईंचा चेहरा उतरला. त्या उठल्या, आत गेल्या आणि आपली लुगडी पिशवीत भरू लागल्या.

मुलगा मागे धावला. "अगं आई, पडदा गेलाय. तू काय विचारलंस ते मला दिसलंच नाही."

बाईंना ते खरं वाटलं नसावं. मघाशी दिलेला होकार लेक फिरवतोय, अशा नजरेने त्या बघत होत्या. त्यांनी कीबोर्ड मांडीवर घेतला आणि त्याच्या डोळ्यांत बघत भराभर टाइप करू लागल्या. बराच वेळ. आम्ही दोघं नुसते त्यांच्या तोंडाकडे बघत उभे राहिलो.