लायसन्स मुलीचं, बटण माझ्या हातात

बायको गेली आणि तिचा वायरलेस मी गाडीतून उचकटून माळ्यावर टाकला. लायसन्स तिचं होतं, मी नुसता ड्रायव्हर. हौशी वायरलेसवाल्यांचा ग्रुप होता तिचा. पूर आला, फोन बंद पडले की ही माणसं निरोप पोचवतात. त्यासाठी सरकारी परीक्षा द्यावी लागते. मी चौथी पास. माझा काय संबंध?

वर्षभरात मुलगीही तीच परीक्षा पास झाली आणि म्हणाली, सेट खाली काढ. मी नको म्हटलं. ऐकते कुठे, आईवर गेलीय. गाडी कांजूरच्या गॅरेजात नेली. टपावर अँटेना बसली. वायर थेट बॅटरीपासून ओढ, असं इलेक्ट्रिशियनला बजावलं होतं. त्याने जोडली गाडीतल्या टेपच्या वायरला. म्हणाला, "आवाज येतोय ना काका? मग झालं तर." आवाज खणखणीत येत होता. भांडायची ताकद माझ्यात उरली नव्हती.

दिवाळीनंतर एका रविवारी भांडुपच्या मागच्या डोंगरात ग्रुपचा सराव होता. तिथे मोबाइलला रेंज नाही. मुलगी हातातला छोटा सेट घेऊन बाकीच्यांबरोबर वर गेली. खाली माझ्या गाडीत ग्रुपचा एक लायसन्सवाला बसला. मला दम दिला, बटणाला हात लावायचा नाही, बिनलायसन्स बोलणं गुन्हा आहे. ऊन चढलं तसा तो वस्तीत पाणी आणायला गेला.

तेवढ्यात मुलीचा आवाज आला. नाल्यात घसरलेय. पाय टेकवत नाही, डोकं आपटलंय. बाकीचे टेकडीपलीकडे गेले, त्यांना ऐकू जात नाही. सेटची बॅटरी संपत आलीय.

मी हॉर्न दाबून धरला, त्या माणसाला हाका मारल्या. तो दिसेना. ती पुन्हा बोलली, "कोणी ऐकतंय का?"

बायकोला हॉस्पिटलात आत नेलं तेव्हा मी दाराबाहेर असाच बसलो होतो. आत यायचं नाही म्हणाले, नाही गेलो. आतून तिने मला हाक मारली की नाही, मला आजही माहीत नाही.

माइक उचलला, बटण दाबलं. सेट बंद. त्यावरचा दिवासुद्धा गेला. सोडलं, चालू. दाबलं, बंद. ऐकायला करंट थोडा लागतो, बोलायला भरपूर, आणि वायर ती दोऱ्यासारखी. गॅरेजवाल्याला एक कचकचीत शिवी घातली. करंट वाढावा म्हणून इंजिन चालू केलं, सेटची ताकद पार खाली आणली. बायकोला ते करताना बघितलं होतं. दाबलं. दिवा फडफडला, पण टिकला.

"बाप बोलतोय तुझा. आहेस तिथेच बस. बोलू नकोस, बॅटरी जाईल. ऐकू आलं तर नुसतं बटण दाब, दोनदा."

काही नाही. मग खट्, खट्.

लायसन्सवाला धावत आला. मी सगळं सांगितलं. पिशवीत बंद ठेवलेला आपला छोटा सेट चालू करून, वस्तीतली दोन माणसं घेऊन तो वर निघाला. नियमाचं काय, मी विचारलं. "ते नंतर बघू. तुम्ही बोलत राहा काका."

मी बोलत राहिलो. आहेस का विचारायचो, खट् खट् यायचं. झोपू नकोस म्हणायचो, खट् खट्. मग एकदा विचारलं आणि काहीच आलं नाही. पुन्हा विचारलं. नाही. वरचं जंगल बिबट्याचं आहे, ते तेव्हाच आठवायचं होतं मला. विचारत राहिलो.

शेवटी लायसन्सवाल्याचा आवाज आला. "मिळाली काका. शुद्धीवर आहे. सेटची बॅटरी गेली होती."

मी बटण दाबलं, पण शब्द फुटेना. तसाच दाबून बसलो. सोडलं तेव्हा त्याच्या सेटवरून तीच बोलली.

"बाबा, तुझ्या इंजिनाची घरघर ऐकू येतेय. टाकीतला गॅस संपला तर गाडी ढकलणार कोण? मी तर लंगडी."

"मी ढकलीन," म्हटलं.

इंजिन बंद केलं असतं तर मला पुन्हा बोलता आलं नसतं. ती खाली येईपर्यंत ते चालूच ठेवलं.