तिसऱ्या वर्षाची नवी मुलगी

पुण्यात आम्ही मैत्रिणी जमलो की कुणीतरी म्हणतंच, "ऋजुता, तुझ्या त्या काठीवाल्या मुलींचं सांग ना." एक किस्सा सांगितला की त्याचं शेपूट धरून दुसरा येतो. खरं तर हे सगळं घडत होतं तेव्हा त्यातलं निम्मं मला किस्सा वाटलंच नव्हतं. एकदोनदा तर रडू आलं होतं.

आयटीची लाट जोरात होती. बाबांच्या कंपनीने जपानात कोबेला ऑफिस उघडलं आणि आम्ही तिघं तिकडे गेलो. माझी पुण्यात कॉलेजची दोन वर्षं झाली होती, जपानीच्या परीक्षाही दिल्या होत्या, म्हणून तिथल्या मुलींच्या एका कॉलेजात थेट तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळाला. वर्गातले ग्रुप आधीच जमलेले. डबा एकटीने खाऊन खाऊन कंटाळले, तेव्हा ठरवलं, एखाद्या क्लबात शिरायचं.

* * *

एप्रिलमध्ये सगळे क्लब आवारात टेबलं मांडून नव्या मुलींना बोलावतात. मी नागिनाताच्या टेबलाशी थांबले. नागिनाता म्हणजे माणसाहून उंच दांडा आणि टोकाला वाकडं पातं. पूर्वी मोठ्या घराण्यातल्या बायका चालवायच्या. आता त्याचा खेळ झालाय आणि पातं बांबूचं.

"पहिलं वर्ष ना?" टेबलावरच्या मुलीने हसून विचारलं.

"तिसरं."

तिचं हसू जागच्या जागी थांबलं. तिने कॅप्टनला बोलावलं. कॅप्टन कुवाहारा, मानाने कुवाहारा-सान, माझ्याच वर्षाची, पण चेहरा मुख्याध्यापिकेचा.

"आमच्याकडे तिसऱ्या वर्षाच्या मुली शरद ऋतूत निवृत्त होतात," ती म्हणाली. "नोकरी शोधायची असते. तुम्हाला नीट उभं राहता येईपर्यंत तुमचा निरोप समारंभ येईल."

"तोपर्यंत तरी येऊ दे मला," मी म्हटलं.

तिने यादीत माझं नाव लिहिलं. मग म्हणाली, "स्वागत समारंभ शुक्रवारी आहे. निरोपाचं नंतर बघू."

* * *

क्लबात आधी आलेली ती सेनपाई, म्हणजे वरची. तिला मान द्यायचा, तिच्यापुढे चालायचं नाही. माझ्याबरोबरच आलेली हारुका पहिल्या वर्षाची, ती मला कॉलेजच्या हिशोबाने सेनपाई म्हणायची. दुसऱ्या वर्षाची मिओ क्लबात माझी सेनपाई, पण कॉलेजात मी तिची.

एके दिवशी मिओ आणि मी सरावाच्या हॉलच्या दाराशी एकदमच पोचलो.

"सेनपाई, तुम्ही आधी."

"नाही, सेनपाई, तुम्ही."

दोघी वाकून उभ्या. शेवटी मागून बारीक आवाज आला. दोन्ही खांद्यांवर सगळ्यांचं सामान घेतलेली हारुका म्हणत होती, "दोन्ही सेनपाई, माझे हात दुखतायत."

घरी सांगितलं तर आई पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "त्यात काय एवढं? मोठी जाऊ वयाने लहान असली तरी तिला अहो-जाहोच करायचं. तू त्या घरात उशिरा गेलीस, विषय संपला."

दुसऱ्या दिवशी मी हे कुवाहारा-सानला समजावून सांगितलं. तिला पटलं. पण तिने विचारलं, "आणि त्या लहान वयाच्या मोठ्या जावेला कसं वाटतं?"

आई आमच्या घरातली थोरली सून, सगळ्या जावांत वयाने लहान. संध्याकाळी तिला विचारलं. तिचं लाटणं थांबलं.

"हे मला आजपर्यंत कुणी विचारलं नव्हतं गं."

* * *

नागिनातात जिथे वार करायचा त्या जागेचं नाव मोठ्याने ओरडावं लागतं. नडगीला जपानीत म्हणतात 'सुने'. पहिल्यांदा सगळ्या मुली एका सुरात "सुने!" म्हणून ओरडत खाली वार करायला लागल्या आणि मला हसू आवरेना. हारुकाने खोदून खोदून विचारलं, तेव्हा सांगितलं की आमच्या भाषेत अशी हाक सासू सुनेला मारते.

त्या दिवशी सराव झालाच नाही. जी ती दुसरीच्या नडगीकडे बघून फिस्सकन हसायची. शेवटी आमच्या शिक्षिका उठून आल्या. वय ऐंशीच्या घरात, ताठ कणा, आवाज अगदी हळू. आम्ही त्यांना नुसतं सेन्सेई म्हणायचो. कारण कळल्यावर त्या हसल्या नाहीत. जरा विचार करून म्हणाल्या, "माझ्या सासूबाईंना तुमची भाषा येत असावी."

* * *

हॉलच्या भिंतीवर प्रत्येकीच्या नावाची छोटी लाकडी पाटी असायची, मानाच्या क्रमाने. माझी पाटी तयार होती, पण तिसऱ्या वर्षाच्या मुलींत लावायची की शेवटी, ते ठरेना. ती कपाटात पडून राहिली. मी रोज भिंतीकडे बघायची आणि घरी यायची. एक दिवस वाटलं, पुरे झालं, सोडून देऊ.

सांगायला मिओला गाठलं. ती फार कमी बोलायची. कारण विचारणार नाही असं वाटलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "स्टेशनपर्यंत येता?"

वाटेत तिने कोनबिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून, चहाच्या दोन बाटल्या घेतल्या. एक मला दिली.

"कुवाहारा-सेनपाई आणि मी शाळेत एका वर्गात होतो," ती म्हणाली. "प्रवेश परीक्षेत मी नापास झाले. पुढच्या वर्षी पास होऊन आले, तोवर ती इथे जुनी झाली होती."

"मग?"

"मग काय. पहिल्या दिवशी तिच्यासमोर वाकले. ती माझ्याकडे बघत नव्हती."

"अजून तसंच?"

"हॉलमध्ये तसंच. पण घरी जायची ट्रेन एकच आहे. ट्रेनमध्ये ती मला लाडाने 'मी-चान' म्हणते, मी तिला नुसतं युकी."

"त्रास नाही होत?"

"व्हायचा." ती थोडं चालली. "पण ओळीत शेवटी उभं राहिलं की पुढच्या सगळ्यांच्या पाठी दिसतात. कोण घाबरलंय ते पाठीवरून कळतं. युकी किती घाबरते, ते शाळेत मला कधी कळलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी मी कॅप्टनला म्हटलं, माझी पाटी शेवटी लावा, हारुकाच्याही नंतर. तिने लगेच लावली. हारुकाला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी हाताखाली मिळालं. तिने घसा साफ करून मला पाणी आणायला सांगितलं, आणि मी उठायच्या आत स्वतःच धावत जाऊन घेऊन आली.

* * *

स्पर्धेसाठी टोकियोला गेलो, तेव्हा तिथल्या निशी-कसाई भागातल्या माझ्या मामीने सगळ्या टीमला जेवायला बोलावलं. मामा तिथे सॉफ्टवेअरमध्ये. घर दोन खोल्यांचं, मुली ओळीने भिंतीला टेकून बसलेल्या. मामीने पुऱ्या आणि बटाट्याची भाजी केली होती.

जपानी मुलगी पानात टाकत नाही. मराठी बाई रिकामं पान बघू शकत नाही. त्यात धाकट्यांनी थोरलीच्या आधी थांबायचं नाही. कुवाहारा-सान संपवायची, मामी वाढायची, ओळच्या ओळ पुन्हा खायला लागायची. हारुकाच्या डोळ्यांत पाणी आलं.

शेवटी मामीची पहिलीतली मुलगी अस्खलित जपानीत म्हणाली, "थोडं पानात ठेवा. नाहीतर आई थांबणार नाही."

कुवाहारा-सान सावकाश माझ्याकडे वळली. "तुम्हाला हे माहीत होतं?"

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

"नव्या मुलीने सेनपाईंना शिकवायचं नसतं, असं तुम्हीच सांगितलं होतंत."

* * *

आमच्या निरोपाच्या दिवशी घरच्यांनाही बोलावलं होतं. साताऱ्याची माझी आजी तेव्हा कोबेला आली होती, तिला घेऊन गेले. कार्यक्रमानंतर चटईच्या खोलीत चहा झाला. सेन्सेईंनी आजीला आपल्या शेजारी बसवलं आणि माझ्यामार्फत वय विचारलं.

"आमच्या वेळी कोण लिहून ठेवतंय? सांग, त्र्याऐंशी," आजी म्हणाली.

मी सांगितलं. सेन्सेईंचा चेहरा उजळला. "माझ्याहून तीन वर्षांनी मोठ्या," त्या म्हणाल्या, आणि उठून आजीच्या खालच्या, कमी मानाच्या जागी जाऊन बसल्या. सेन्सेईंना कुणाच्या खाली बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

निघताना दाराशी थोरल्यांची पायताणं सरळ करून ठेवायची, हे शेवटच्या मुलीचं काम. मी वाकले, तर सेन्सेईंनी माझा हात धरून मला बाजूला केलं. एक हात जमिनीला टेकत त्या हळूहळू गुडघ्यांवर बसल्या आणि आजीचे कॅनव्हासचे बूट उचलून, तोंड बाहेरच्या बाजूला करून, पायरीशी नीट ठेवले. कुवाहारा-सान एक पाऊल पुढे आली आणि तिथेच थांबली.

"मला वरचं कुणी उरलंच नव्हतं," सेन्सेई खाली बघतच म्हणाल्या.

मी आजीला मराठीत सांगितलं. आजीने माझा खांदा घट्ट धरला आणि कानाशी लागून म्हणाली, "अगं, मी फार तर अठ्ठ्याहत्तरची असेन. जरा मान मिळावा म्हणून वाढवून सांगितलं."

सेन्सेई अजून तशाच वाकलेल्या. आजीने त्यांच्याकडे पाहिलं. मग खाली वाकून त्यांच्या पांढऱ्या केसांवर हात ठेवला.

"औक्षवंत हो, बाळा," आजी म्हणाली.