आठवा नंबर कुणाचा

मी गवंडी. शाळा चौथीपर्यंत. जन्म भिंती उभ्या करण्यात गेला, त्यामुळे घराला कान असतात हे मला कुणी सांगायला नको. घरात वाईट बोलू नये. वास्तू ऐकत असते आणि तथास्तु म्हणते. लोक हसतात. हसू देत.

आमची ही, गावचं घर बंद करताना कुलूप हातात धरून म्हणाली होती, "बघून घ्या नीट. आता काही हे परत दिसत नाही मला." थट्टेनं. पोराकडे हॉलंडात, फेल्डहोवनला, उन्हाळाभर राहून यायचं, एवढाच बेत होता. मग तो रोग आला, विमानं बंद झाली आणि पहिल्याच लाटेत तिला इथल्या दवाखान्यात नेलं. भेटायला सोडत नव्हते. शेवटचं बोलणं फोनवर झालं. एक शब्द बोलायची, थांबायची. परत एक शब्द, परत थांबायची. "जेवा... वेळेवर..." एवढं म्हणायला तिला केवढा वेळ लागला. ते थांबणं माझ्या कानात बसलंय.

पुढच्या वर्षी थंडी सरता सरता पोराला ताप आला. तोच रोग. तो वरच्या माळ्याच्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. हाउसआर्ट्स, म्हणजे इकडचा घरचा डॉक्टर, फोनवर म्हणाला, पॅरासिटामॉल घ्या, दम लागला तर कळवा. हिचंही असंच सुरू झालं होतं. सून ताट जिन्यात ठेवायची. मी खाली बसून त्याचा खोकला ऐकायचो. खोकला आला की भीती वाटायची. थांबला की जास्त वाटायची.

त्यातच त्याच्या खेळाची बैठक आली. खेळ बेसबॉलचा, तोही कॉम्प्युटरमधला. पोरगा आणि त्याचे सात मित्र, सगळे मराठी, सगळे इकडे चिपच्या मशिनींवर काम करणारे. प्रत्येकाचा एक संघ. संघात माणसं कोण, तर अमेरिकेतले जुने खेळाडू, पार शंभर वर्षांमागचे. ते तेव्हा जसे खेळले त्याचे आकडे भरायचे, मग कॉम्प्युटर त्यांच्या मॅची लावतो.

"म्हणजे मेलेली माणसं खेळवता?" मी एकदा विचारलं होतं.

"हो आबा."

"आणि क्रिकेट का नाही?"

"क्रिकेट सगळ्यांना कळतं. भांडणं होतात."

हंगाम सुरू व्हायच्या आधी एक बैठक करायची, आणि प्रत्येकानं सांगायचं की यंदा कोण पहिला येणार, कोण आठवा. रविवारी दुपारी ती होती, तीही कॉम्प्युटरवरच, जो तो आपापल्या घरून. पोरगा म्हणाला, मी वरूनच बसतो. मित्रांना त्यानं नुसती सर्दी आहे असं सांगितलं होतं. मला त्याचा चेहरा दिसावा म्हणून सुनेनं स्वयंपाकघरात दुसरा कॉम्प्युटर लावून दिला.

चेहरा उतरलेला होता. मित्र मात्र रंगात आले होते.

"तुझा संघ आठवा. त्यात चर्चाच नको."

"तुझा तो मिशीवाला पिचर बघितला का रे? मॅचला घोड्यावरून येईल."

"येईल, पण पोचायचा नाही. मधेच खांदा धरून बसेल."

पिचर म्हणजे त्यांचा बॉल टाकणारा. सगळे हसले. पोरगाही हसला, पण त्याच्या चौकोनातून आवाज आला नाही. तो एक वाक्य बोलायचा आणि बटण दाबून आवाज बंद करायचा. मला वाटलं त्यांची काहीतरी रीत असेल.

मग त्याची पाळी आली. आपल्या लोकांत स्वतःचं चांगलं कुणी बोलत नाही, नजर लागते. तिथंही तसंच, जो तो आपलाच संघ खाली ओढत होता. पोरगा म्हणाला, "आम्ही यंदा वाचत नाही." बटण. "पहिल्याच महिन्यात खलास."

मी आग्नेय कोपऱ्यातल्या कुंडीकडे बघितलं. पोरानं हे घर घेतलं तेव्हा वास्तुशांत केली होती, पण इथं फरशी कोण फोडणार, म्हणून वास्तूची प्रतिमा तुळशीच्या कुंडीत पुरली होती. ही होती तोवर हीच पाणी घालायची तिला.

मी उठलो आणि जिना धरला. इकडचे जिने म्हणजे भिंतीला लावलेली शिडीच. मागून सून ओरडली, "आबा, वर जाऊ नका! काय झालं?"

"तो काय बोलला ऐकलं नाहीस?"

"अहो, टीमबद्दल बोलला! आणि हे घर डच आहे, त्याला मराठी कळत नाही."

"वास्तुशांत मराठी भटजीनं केली ना? मग कळतं."

दारापाशी पोचेपर्यंत मीच धापा टाकत होतो. दारावर मूठ मारली. "बोललास ते मागं घे."

"आबा... खेळ आहे."

"खेळच आहे ना? मग म्हण की. म्हण, आम्ही वाचणार, पहिले येणार."

"आम्ही..." थांबला. "वाच..." परत थांबला. पुढचा शब्द येईना.

ते थांबणं मी ओळखलं. बटणही त्यासाठीच होतं.

"पोरी, फोन लाव! दम लागलाय त्याला!"

गाडी आली. अंगभर पांढरे कपडे घातलेल्या दोघांनी त्याला खुर्चीत बसवून जिन्यानं खाली आणलं. माझ्यासमोरून जाताना त्यानं हात वर केला. हिनंही केला होता. सुनेला बरोबर घेतलं नाही.

संध्याकाळी मित्रांचा फोन. सात चौकोन, सातही खाली मान घातलेले. "काका, आम्हाला खरंच माहीत नव्हतं."

"ते राहू दे. आधी त्याचा नंबर बदला."

कुणी हसलं नाही. घोड्याचं बोललेला तोच पहिल्यांदा म्हणाला, "काका, तुमची टीम पहिली. आठवा मी."

"तू कशाला? आठवी माझी टीम, पिचरच नाही माझ्याकडे."

"गप रे. मी बसतो आठवा. काका, माझं लिहा."

चांगले शिकलेले बाप्ये शेवटच्या नंबरासाठी भांडत होते. मला तेवढ्यापुरतं बरं वाटलं. मग फोन ठेवला आणि घर परत गप्प झालं.

त्यानंतरचे दिवस सांगण्यासारखे नाहीत. दवाखान्यातून फोन आला की सून उचलायची आणि मी तिच्या पाठीकडे बघत राहायचो. पुढून बघायचं धाडस नव्हतं.

एका सकाळी तिच्या मोबाईलवर त्याचा आवाज आला, बोलून पाठवलेला. "आबा, त्या सगळ्यांना सांगा उगाच लाड करू नका, आपला मिशीवाला काही टिकत नाही, आपणच शेवटी येणार."

मी म्हटलं, परत लाव. तिनं लावला. परत लाव म्हटलं.

"आबा, किती वेळा ऐकताय?"

"मधे कुठं थांबला का बघ."

तिनं मोबाईल कानाला लावला, ऐकला, "नाही थांबला" म्हणाली आणि तिथंच ओट्याला टेकून खाली बसली. पदर नव्हता, बाहीनंच डोळे पुसायला लागली.

मी तांब्या घेतला, कुंडीपाशी गेलो आणि मोठ्यानं म्हटलं, "थट्टा करतोय तो. पहिला येणार. मी सांगतोय, पहिला." तांब्या अख्खा ओतला. पाणी बशीतून फरशीवर आलं. ते पुसलं आणि परत एकदा म्हटलं.