भिंतीवर हललेला उजेड

आमच्या कराडच्या हॉस्टेलवर एक पहारेकरी होते. तोफखान्यातून निवृत्त झालेले, म्हणून सगळे त्यांना हवालदार म्हणत. तोफांनी त्यांचे कान नेले होते. ते साधं 'जेवलास का' हेसुद्धा कवायतीच्या मैदानावर असल्यासारखं विचारत, आणि उत्तर आम्ही त्यांच्या कानाशी ओरडून देत असू.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी माझा प्रकल्प होता, आवाज भिंतीवर दाखवायचा. पत्र्याचा डबा दोन्हीकडून कापून एका तोंडावर फुग्याचं रबर ताणलं होतं आणि त्यावर आरशाचा तुकडा चिकटवला होता. डब्यात बोललं की आरशावरून भिंतीवर पडलेला टॉर्चचा उजेड नाचायचा. हवालदार रोज संध्याकाळी येऊन डब्यात "सावधान!" म्हणून गरजत आणि भिंतीकडे बघून मिशीत हसत. "लय झ्याक, गड्या!"

एका रविवारी ते बायकोला घेऊन आले. तिला डब्यासमोर बसवून म्हणाले, "बोल."

तिने पदर सावरला आणि माझ्याकडे बघितलं.

"मावशी, घरी बोलता तसं बोला की," मी म्हटलं.

"घरात खुणाच करती मी," ती डब्याशी वाकून पुटपुटली. "समदं गाव ह्यास्नी वरडून सांगतंय. पर बायकोनं नवऱ्यावर कसं वरडायचं, बाबा?"

भिंतीवरचा उजेड जरासा थरथरला.

हवालदारांनी तो बघितला. मग त्यांनी डबा तिच्या आणखी जवळ सरकवला आणि कधी नव्हे ते हळू आवाजात म्हणाले, "आजून बोल. म्या बगतोय."