शेगडीची काच

रिटायर झाल्यावर आमच्या यांनी पहिलं काम काय केलं असेल, तर हॉलमध्ये लाकडाची शेगडी बसवली. जन्मभर फॅक्टरीत लोखंडाशी झटापट केलेला माणूस, तो घरी भाजी निवडत बसणार होता होय? पहाडात फिरायला गेलो होतो, तिथल्या हॉटेलात काचेच्या दाराची अशी शेगडी पाहिली आणि तेव्हापासून डोक्यात तेच भूत. स्वतः पत्रा कापला, वेल्डिंग केलं, छतातून धुराडं काढलं, ओमतीच्या बाजारात हिंडून आच सोसणारी जाड काच मिळवली. चेरीतालमधली आमची अख्खी गल्ली बघून गेली.

आठवडाभरातच काच तव्यासारखी काळीकुट्ट. आत जाळ आहे की विझला, काही दिसायचं नाही. नेमक्या तेव्हाच नणंदबाई आल्या. या यांच्या थोरल्या बहीण. आई लवकर गेली म्हणून यांना त्यांनीच लहानाचं मोठं केलं, तेव्हा आमच्या घरात शेवटचा शब्द त्यांचाच. त्यांनी नाकाला पदर लावला आणि सांगितलं, की हॉलमध्ये स्मशान मांडायचं काही कारण नाही, संक्रांत झाली की हे भंगारात देऊन टाका. हे "बरं" म्हणाले. बस, एवढंच. मला असा राग आला म्हणता! कारण काच काळी व्हायच्या आधी हा माणूस संध्याकाळी मोबाईल सोडून माझ्याशेजारी बसायला लागला होता. आम्ही शेंगा फोडत मुकाट जाळ बघायचो. इतक्या वर्षांच्या संसारात असं सुख मला पहिल्यांदा मिळालं होतं आणि ते मी भंगारवाल्याला द्यायला तयार नव्हते.

संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्याच घरी होतं. त्या दिवशी नणंदबाईंना काचेतून लखलखता जाळ दाखवायचाच, असं मी मनाशी ठरवलं आणि काचेच्या मागे लागले. भांड्याच्या साबणाने घासली, ढिम्म. मग वाटलं, पितळ चिंचेने निघतं तर ही का नाही निघणार? चांगला दाट कोळ थापून ठेवला. काजळी होती तिथेच राहिली, वर तपकिरी ओघळ आले. हे शांतपणे म्हणाले, "काहून चिंच वाया घालून राहिली? आमटी तरी कर तिची."

हसता हसता, ओघळ पुसायला घेतलेला ओल्या पेपरचा बोळा माझ्या हातातून सुटला आणि पडला तो खालच्या राखेत. झटकायचाही कंटाळा, मी तसाच काचेवर फिरवला. अगं बाई, काजळी लोण्यासारखी निघाली! माझी आई राखेनेच भांडी घासायची, आणि मी शहाणी रोज ती राख गुलाबांना घालून येत होते. मग काय, ओला पेपर, राख, पुन्हा पेपर, पुन्हा राख. लाकडं ओली असली की काच काळी होते, हे यांच्याही आता ध्यानात आलं, तर त्यांनी सगळी लाकडं गच्चीवर उन्हात टाकली. संक्रांतीला काळी साडी नेसून मी काचेवर शेवटचा हात फिरवला. पदराला काजळी लागली असेल, पण काळ्या साडीवर ती दिसते कोणाला?

संध्याकाळी बायका जमल्या. हळदीकुंकवात पुरुषांना थारा नाही, म्हणून हे शेगडी पेटवून स्वयंपाकघराच्या पडद्याआड जाऊन उभे राहिले. नणंदबाई आल्या आणि शेगडीसमोर थबकल्याच. जाळ सुरेख लागला होता, आणि काच तर आहे की नाही तेच कळेना. त्यांच्याकडे अजून पहिला घास अग्नीला द्यायची रीत. त्यांनी ताटातला तिळाचा लाडू उचलला, डोळे मिटून नमस्कार केला आणि दिला जाळात टाकून.

टण्ण! लाडू काचेवर आपटून उलटा फिरला आणि घरंगळत सोफ्याखाली गेला. सगळ्यांच्या माना सोफ्याकडे वळल्या. मग पडद्यामागून फिस्सकन हसू आलं आणि बांध फुटला. कोणाच्या हातातलं वाण सांडलं, कोणाला ठसका लागला. नणंदबाई काचेला निरखून बघत राहिल्या, आणि मग स्वतःच अशा हसत सुटल्या की त्यांना खाली बसावं लागलं.

हसू ओसरलं. आता त्या काय म्हणतात, याकडे माझा जीव लागला होता. त्यांनी भावाला बाहेर बोलावलं. बायकांच्या घोळक्यातून हे खाली मान घालून आले. नणंदबाईंनी माझ्या हातातून करंडा घेतला, वाकल्या आणि नव्या चुलीला लावतात तसं शेगडीखालच्या विटांना हळदकुंकू लावलं.

"हळदकुंकू लावलेली वस्तू कोणी भंगारात देते का रे?" त्या यांना म्हणाल्या.

त्यांनी ताटातला दुसरा लाडू उचलला. मला वाटलं, आता दार उघडायला सांगून स्वतः टाकतील. पण तो त्यांनी यांच्या तळहातावर ठेवला.

"तू टाक," त्या म्हणाल्या. "शेगडी तुझी आहे."